धारावी डेपोजवळचं रान

महाराष्ट्र निसर्ग उद्यानावरचा लेख आवडला, पण तिथे 'दिवे, बसायला जास्त बाकडी आणि खाऊगल्ली हवी' ही त्यातली सूचना काही पटली नाही. त्यासाठी शिवाजी पार्क आहे की! हे रान निराळं. १९७० च्या दशकापर्यंत इथे मुंबईचा कचरा पडायचा. त्यावर माती टाकून १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते पहिलं झाड लावलं आणि १९९४ ला लोकांसाठी दार उघडलं. आज ३७ एकरांत झाडी आहे, एका अंगाला मिठी नदी, दुसरीकडे धारावी. मिठीचा वास येतो, खोटं कशाला बोला. पण फाटकातून शंभर पावलं आत गेलं की बाहेरच्या लिंक रोडचे हॉर्न बरेच दबतात.

गेल्या श्रावणात नातीला घेऊन गेलो होतो. लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. पोरगी 'शी!' म्हणाली आणि तेवढ्यात ते सरकलं. अळी निघाली, बहुधा नीलवंताची, म्हणजे आपल्या राज्यफुलपाखराची. मग अर्धा तास बाई तिथून हलेनात. माझे गुडघे बोलायला लागले तरी.

खाऊगल्ली आली की उष्टं येणार, त्यामागे उंदीर, कावळे, मग औषधफवारणी. त्यात त्या अळीचं काय होणार? हे संरक्षित वन आहे, सायंकाळी अंधार पडतो तो पडू द्या की. पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृह नीट ठेवा एवढं मात्र मीही म्हणेन.