'अमेरिकेत खायला कुठे जाऊ?' असं विचारणाऱ्यांसाठी

मे महिना जवळ आला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पडून असतो. आई-बाबा अमेरिकेला येतायत, चांगली रेस्टॉरंटं सांग ना! विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. एक तर न्यू जर्सीतल्या भारतीयबहुल एडिसनमधलं डोसा-थाळीवालं, नाहीतर ते मिशेलिन स्टारवालं, जिथे महिनाभर आधी टेबल धरावं लागतं.

डोशाशी माझं भांडण नाही. पण तो खायला एवढा विमानप्रवास कशाला? आणि स्टारवाल्याचं म्हणाल तर एकदा ऑफिसच्या कृपेने जाऊन आले (नाव सांगत नाही). बारा पदार्थ, प्रत्येक एका घासाचा आणि प्रत्येक घासाआधी वेटरचं निरूपण. घरी येऊन रात्री साडेअकराला दहीपोहे कालवले.

मी एवढंच बघते, की उद्या हे दुकान बंद पडलं तर गावातली माणसं हळहळतील का?

न्यूयॉर्कचं कॅट्झ डेली (डेली म्हणजे मांसाचं, सँडविचचं दुकान) घ्या. 1888 पासूनचं, एकेकाळच्या ज्यू स्थलांतरितांच्या वस्तीतलं. दारातच हातात एक कागदी तिकीट देतात. ज्या काउंटरवरून जे घ्याल ते त्यावर लिहिलं जातं, पैसे बाहेर पडताना. तिकीट हरवलं तर दंड. माझ्या बाबांनी ते एसटीच्या तिकिटासारखं घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं आणि जेवण होईपर्यंत तीनदा चाचपलं. तिथलं पास्त्रामी (मसाला लावून धुरावलेलं मांस) जगप्रसिद्ध, पण ते बीफ. बाबा खात नाहीत. म्हणून रडायचं कारण नाही. लाटका मागवा. किसलेल्या बटाट्याची जाड, कडेने कुरकुरीत थालिपीठंच ती, सोबत सफरचंदाचा गोडसर गर. आणि काकडीची लोणची. बाबांनी ती दोनदा मागून घेतली.

वॉशिंग्टनला गेलात तर व्हाइट हाउससमोर फोटो काढून झाला की यू स्ट्रीटवरच्या बेन्स चिली बोलमध्ये जाच. 1958 साली बेन अली आणि व्हर्जिनिया या जोडप्याने एका जुन्या मूकपटांच्या थिएटरात ते सुरू केलं. बेन अली त्रिनिदादचे, भारतीय वंशाचे. मुसलमान असल्यामुळे स्वतः विकलेला पोर्क घातलेला हाफ-स्मोक सॉसेज त्यांनी कधी तोंडात घातला नाही म्हणतात! 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहर पेटलं, संचारबंदी लागली. तेव्हाही हे दुकान परवानगी घेऊन उघडं राहिलं. पोलिसही तिथेच खायचे आणि आंदोलकही. पुढे मेट्रोसाठी रस्ता खणून ठेवला तेव्हा गिऱ्हाईक इतकं आटलं की दुकान जेमतेम तगलं. मेट्रोच्या पत्र्यांमागे आपलं नेहमीचं हॉटेल गडप झालेलं ज्या पुणेकरांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. शाकाहारी चिलीही (चिली म्हणजे दाट, मसालेदार रस्सा) मिळते, बिनधास्त जा.

टेक्सासमधल्या ऑस्टिनचं फ्रँकलिन बार्बेक्यू: सकाळी लवकर रांग लावा, संपलं की संपलं. मला उन्हात ताटकळायची हौस नाही, पण नवरा शपथेवर सांगतो की त्या ब्रिस्केटसाठी (धुरावर मंद शिजवलेलं बीफ) पुन्हा उभा राहीन.

मात्र माझं मन अडकलंय न्यू ऑर्लिन्सच्या डूकी चेजमध्ये. 1941 पासूनचं. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर बसणं कायद्याला मंजूर नव्हतं, तेव्हा माडीवर नागरी हक्कांच्या चळवळीतली दोन्हीकडची माणसं बसून गंबो (तिथला दाट रस्सा) खात खलबतं करायची. स्वयंपाकघर लिआ चेज यांचं. 2019 मध्ये, 96 व्या वर्षी त्या गेल्या. चव न बघताच गंबोत तिखट सॉस ओतला म्हणून त्यांनी ओबामांनाही दटावलं होतं. हे वाचल्यावर मला माझी आजीच आठवली; ताटात आमटी पडायच्या आत कुणी मिठाकडे हात नेला की तिची नजर पुरायची. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळात हॉटेल पाण्याखाली गेलं, तरी दोन वर्षांनी पुन्हा उघडलं. वेळा मात्र बघून जा.

त्याच शहरात नदीकाठी कॅफे द्यू मोंद आहे, 1862 चं. तिथे बेन्ये खायचे: चौकोनी, फुगलेले, तळलेले, वर पिठीसाखरेचा डोंगर. दोन सूचना. काळे कपडे घालू नका आणि घास घेताना श्वास सोडू नका. बाबांनी दोन्ही मोडल्या. मग अंगावरची साखर झटकत त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि थबकले. त्या कॉफीत चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असते, आपल्याकडच्या दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत असते तशी. नोकरीची पहिली नऊ वर्षं माटुंग्यात काढलेला माणूस तो! "अगं, ही तर आपली कॉफी," म्हणाले आणि मला न विचारता वेटरला दोन बोटं दाखवली.