‘शिक्का मारलेला जुना माल नवा म्हणून विकला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू दोनदा वाचला. राकेश शर्मांच्या उड्डाणाची १९८४ ची सोव्हिएत टपाल तिकिटाची शीट आमच्याकडून फ्रेम करून घेतली, कोपऱ्यात टपालाचा शिक्का निघाला, दुकानातल्या पोराने ‘रेअर आहे’ सांगितलं आणि पावसाळ्यात शीट फुगून काचेला चिकटली, असं तुम्ही लिहिलंय.

आधी शिक्क्याचं सांगतो, कारण त्यात आमची फसवणूक नाहीये. ती शीट पत्रावर लागून आलेली नाही, मागचा डिंक हात लावून बघा, जसाच्या तसा आहे. सोव्हिएत काळात मेझदुनारोदनाया क्निगा नावाची सरकारी संस्था परदेशात तिकिटं विकायची आणि त्यातला ढीगभर माल शिक्का मारूनच यायचा, टपालाच्या कामाचा नाही म्हणून स्वस्त. आम्ही लोक त्याला सीटीओ म्हणतो, ‘कॅन्सल्ड टू ऑर्डर’, म्हणजे टपालात न वापरताच विकण्यासाठी शिक्का मारलेलं. आमच्या लिस्टिंगमध्ये सीटीओ लिहिलं होतं, पण म्हणजे काय ते नव्हतं लिहिलं, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला कसं कळणार, हे मान्य. आता कोऱ्या आणि शिक्क्याच्या शीटचे फोटो शेजारी शेजारी टाकतोय.

‘रेअर’ मात्र चुकीचं सांगितलं गेलं. सोयुझ टी-११ हे यान एप्रिल १९८४ मध्ये उडालं, शर्मा आणि सोव्हिएत अंतराळवीर मालिशेव व स्त्रेकालोव सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकावर जाऊन आले, म्हणून आपल्याकडे या शीटला भाव आणि भावना दोन्ही आहेत, पण दुर्मिळ बिर्मिळ काही नाही. पोराला मी बोललोय. गुंतवणूक म्हणून तर अजिबात घेऊ नका, माझ्याकडून तर नकोच नको.

आणि फ्रेम. इथे चूक शंभर टक्के आमची. त्या दिवशी घाईत शीट थेट काचेला टेकवून मागून पुठ्ठा दाबला, मध्ये माउंटची (काच आणि शीट यांच्यात अंतर ठेवणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जागाच ठेवली नाही. मुंबईचा दमटपणा आत शिरला की कागद वाकणारच, डिंकही मागच्या पुठ्ठ्याला धरतो. आता प्लीज ती शीट स्वतः सोडवायला जाऊ नका, ओढलीत तर रंगाचा थर निघेल, आणि पाण्यात तर मुळीच भिजवू नका, डिंक गेला की सगळं गेलं. फ्रेम आहे तशी घेऊन या. शीट आम्ही काढतो, खराब निघाली तर दुसरी देतो, नवीन फ्रेममध्ये जाड माउंट आणि कोपऱ्यांना पॉलिएस्टरचे कप्पे, टेप अजिबात नाही. पैसे नाही लागणार.

माझं खरं मत विचाराल तर भिंतीवर रंगीत कॉपी लावा आणि खरी शीट स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं ठेवायच्या कप्प्यांच्या वहीत, ठेवा (ते स्वस्तातले पीव्हीसीचे कव्हर नकोत). भिंतीवर खरीच हवी असेल तर उन्हाची भिंत सोडून. सोमवारी बंद असतो, बाकी कधीही संध्याकाळी या.