सही करा आणि सामोसा घ्या

काल कचऱ्याच्या मीटिंगला जाऊन परत एकदा "लोकसहभाग" करून आले. मंगळवारी सकाळी ११ वाजता. मंगळवारी ११ ला कोण मोकळं असतं हो?? चार रिटायर्ड काका, एक पत्रकार आणि आम्ही बचत गटाच्या सात जणी, त्याही भाजी अर्धवट चिरून ठेवून आलेल्या.

विषय काय तर आमचं शहर आणि आजूबाजूची गावं मिळून एकच कचरा प्रकल्प. कल्पना वाईट नाहीये हे आधीच सांगते, नाहीतर लगेच विकासाला विरोध म्हणून मोकळे व्हाल. २०१६ च्या घनकचरा नियमांतच होतं की ५० किलोमीटरच्या टापूतल्या शहरांनी खर्च वाटून एकच लँडफिल, म्हणजे कचरा पुरायची जागा, करावं, आणि खरंच आहे, खाली अस्तर, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी अडवायची सोय, वजनकाटा हे सगळं एकट्या छोट्या नगरपरिषदेला झेपत नाही. पण त्याच नियमांत कचरावेचकांना आणि बचत गटांना कामात सामावून घ्या असंही लिहिलं होतं ना, ते पान झेरॉक्स काढताना राहिलं वाटतं.

बाहेरून आलेला कन्सल्टंट, सगळी पीपीटी इंग्लिशमधून. "जागा कुठली?" असं मी विचारलं तर म्हणे अजून काहीच फायनल नाही मॅडम, तुमच्या सूचना घ्यायलाच तर आलोय. आणि पुढच्याच स्लाईडवर नकाशा, गायरानावर लाल चौकोन, गट नंबरसकट, आणि खाली टेंडरचा महिना! अरे मग सूचना कसल्या घेताय, गेटला रंग कुठला द्यायचा याच्या?

ज्या गावच्या विहिरी त्या लाल चौकोनाच्या उताराला आहेत त्या गावचं एक माणूस हॉलमध्ये नाही. ग्रामपंचायतीला पत्र गेलंय म्हणे. तिथल्या सरपंच आमच्या गटातल्या एकीच्या मावसबहीण, तिने तिथूनच फोन लावला, तर त्यांना पत्ताच नाही. "जनसुनावणी होईलच की" हे वर आणि ऐकवलं. होईल ना, ३० दिवसांची नोटीस पेपरच्या कोपऱ्यात येईल, जाडजूड अहवाल इंग्लिशमध्ये आणि मराठीत नुसता सारांश, आणि तोवर ठेकेदार ठरलेला असेल. पुण्याचं बघून तरी शहाणे व्हा, वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला कचरा ओतला, लोक पाण्यासाठी ओरडत राहिले तेव्हा कोणाला वेळ नव्हता, २०१७ ला डेपो पेटला आणि गावाने गाड्या अडवल्या, तीन आठवडे शहरात ढीग साचले, तेव्हा कसे सगळे चर्चेला पळाले.

माझा खरा प्रश्न वेगळाच होता. ठेकेदाराला पैसे टनावर मिळणार. म्हणजे जितका जास्त कचरा तितकं मोठं बिल. मग आम्ही गच्चीवर ड्रम ठेवून ओल्याचं खत करतो, अख्ख्या गल्लीचं करतो, ते त्याला कशाला हवंय? आमच्यामुळे जो कचरा गाडीत जातच नाही त्याचा त्या प्लॅनमध्ये हिशोब कुठेय? तर उत्तर, "तो टेक्निकल विषय आहे मॅडम." हो का. आमच्याकडे एक मावशी आहेत, भंगार वेचतात, पिशवी नुसती बोटांत चुरगाळून आवाजावरून सांगतात की याला भाव येईल आणि याला भंगारवाला हात लावणार नाही. गावात रोज कुठला माल किती निघतो ते त्यांना तोंडपाठ. त्यांना बोलावलं? नाही. त्या सेल्फहेल्पवाल्या पण नाहीत आणि "मान्यवर" पण नाहीत.

आणि हे काही चंद्रावरचं मागत नाहीये. पुण्यात कचरावेचकांची युनियन १९९३ पासून आहे, २००८ पासून त्यांचीच सहकारी संस्था दारोदार कचरा उचलते. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावाने वीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करून डंपिंग ग्राउंडचं चक्क फिरायला जायचं ठिकाण केलं. आमच्याकडे मी ओला-सुका वेगळा देते आणि घंटागाडीवाला माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच कप्प्यात उपडे करतो, वर गाडीवर गाणं स्वच्छतेचं.

शेवटी सामोसे आले. थर्माकोलच्या प्लेटमध्ये, जे राज्यात २०१८ पासून बंद आहे, कचऱ्याच्याच मीटिंगला! सामोशाच्या टेबलावरच हजेरीपट, आधी सही मग प्लेट. केली सही. मग वर नजर गेली, रकान्याचं नाव "उपस्थित व सहमत". परत पेन मागून घेतलं आणि "सहमत"वर काट मारली, तर क्लार्क माझ्यावरच खेकसला, अहो ताई खाडाखोड नका करू, हा कागद वर जातो.