‘ईमेलचा जनक मुंबईकर’: मामांच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि दोन दिवसांत तो भाच्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर स्केचपेनने उतरला. म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डकडे मी काणाडोळाच करतो. मजकूर थोडक्यात असा: मुंबईत जन्मलेल्या शिवा अय्यादुराई यांनी 1978 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, अमेरिकेत ईमेलचा शोध लावला, टू, सीसी, बीसीसी, सब्जेक्ट ही सगळी त्यांचीच कल्पना, अमेरिकन सरकारने पेटंट दिलं, पण भारतीय म्हणून गोऱ्यांनी श्रेय दाबलं.

जन्म मुंबईचा, हे खरं. न्यू जर्सीतल्या वैद्यकीय विद्यापीठासाठी त्या पोराने कचेरीतल्या टपालाचा प्रोग्राम फोरट्रान या संगणकाच्या भाषेत लिहिला आणि त्याचं नाव ‘ईमेल’ ठेवलं, हेही खरं. चौदाव्या वर्षी आम्ही काय करत होतो ते विचारू नका. एवढं मान्य करून पुढे जातो.

टू, सीसी, बीसीसी त्यांचे? 21 नोव्हेंबर 1977 ही तारीख असलेला एक कागद आहे, आरएफसी 733 (आरएफसी म्हणजे नेटवर्कचे नियम मांडणारे क्रमांकित कागद). आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन नेटवर्कवरच्या मजकुरी संदेशांचं स्वरूप कसं असावं, याचं ते मानक. त्यात टू आहे, सीसी आहे, बीसीसी आहे, सब्जेक्ट आहे, रिप्लाय-टू आहे, हे पत्र कोणत्या पत्राचं उत्तर हे सांगणारी ओळसुद्धा आहे. 1978 उजाडायच्या आधी. कुणालाही नेटवर फुकट वाचता येतो; मेसेज पुढे ढकलायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ लागेल.

आणि सुरुवात त्याच्याही आधीची. सप्टेंबर 1973 मध्ये आरएफसी 561 आला. आर्पानेटवर वेगवेगळ्या बनावटीची यंत्रं होती आणि जो तो मेल प्रोग्राम पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आपापल्या पद्धतीने लिहायचा. माणूस ते वाचून घ्यायचा, पण पलीकडच्या प्रोग्रामला पत्र कुणाचं आणि कधीचं ते उमगणार कसं? म्हणून ठरलं: ओळीच्या सुरुवातीला नाव, मग अपूर्णविराम, मग माहिती; हे झालं की एक कोरी ओळ, तिच्याखाली मजकूर. त्या कागदातल्या नमुन्यात ‘फ्रॉम: व्हाइट ॲट एसआरआय-एआरसी’ असं आहे, म्हणजे एसआरआय-एआरसी या यंत्रावरचे व्हाइट, आणि ‘ॲट’ चक्क अक्षरांत लिहिलेलं! पत्त्यात @ हे चिन्ह रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्येच आणलं होतं. ते स्वतः या कागदाच्या चार लेखकांपैकी एक, तरीही नमुन्यात ‘ॲट’ हा शब्दच.

मेख इथेच आहे. एका यंत्रावरच्या माणसांनी एकमेकांना निरोप ठेवणं अमेरिकेतल्या एमआयटीत 1965 पासून चालू होतं. खरी अडचण होती ती परक्या यंत्राला आपलं पत्र कळावं ही. एका संस्थेपुरत्या प्रोग्रामपुढे ती येत नाही, कारण दोन्ही टोकांना तोच प्रोग्राम बसलेला असतो.

शिवाय सीसी म्हणजे कार्बन कॉपी. मामा, तुम्ही सरकारी कचेरीत तीस वर्षं टाइपरायटरमध्ये कार्बन घालून ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ लिहिलंत. ही कल्पना 1978 ची, हे निदान तुम्ही तरी पटवून घ्यायला नको होतं.

पेटंट? नाही. 1982 मध्ये मिळाला तो कॉपीराइट, म्हणजे त्या विशिष्ट प्रोग्रामच्या लिखाणावरचा हक्क. ‘पुरणपोळी’ नावाचं पुस्तक छापलं आणि कॉपीराइट घेतला, म्हणून पुरणपोळी माझी होत नाही. स्मिथसोनियन संग्रहालयाने त्यांचे कागद 2012 मध्ये ठेवून घेतले, तेही शोधाचं प्रमाणपत्र नव्हे.

राहता राहिलं ‘गोऱ्यांनी दाबलं’. याचाच मला सर्वांत जास्त राग आला. आरएफसी 561 उघडा. चार लेखकांत पहिलं नाव कुणाचं? अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे. फाइल पाठवायचा एफटीपी हा नियमसंच त्यांनी एप्रिल 1971 मध्ये मांडला, आणि सुरुवातीची नेटवर्कवरची पत्रं त्याच एफटीपीवरून धावली. कुणी त्यांचं नाव दाबलं नाही, ते पन्नास वर्षं तिथे छापलेलं आहे. छाती फुगवायला भारतीयच हवा असेल तर हा घ्या ना! पण यांच्या नावाचा एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

भाच्याला बसवून त्याच्या शाळेकडून आलेला एक मेल ‘शो ओरिजिनल’ करून, म्हणजे मूळ कच्च्या रूपात उघडून, दाखवला. आधी बिचकला, मग बोट ठेवत वाचायला लागला: फ्रॉम, डेट, सब्जेक्ट, आणि खाली ती कोरी ओळ. तक्ता नवा आणलाय. यावेळी स्केचपेनच्या आधी पेन्सिल.