नोटीस आली? तिलाच गप्प करा!

पीएचपी या वेबसाइट बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेत 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' (म्हणजे किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलंय) अशी नोटीस स्क्रीनवर उमटली की काही भाबडे प्रोग्रामर लगेच कोड तपासायला धावतात. तुम्ही असला भोळेपणा करू नका. पीएचपी फाइलचं नाव सांगते, ओळ क्रमांक सांगते, वर व्हेरिएबलचंही नाव सांगते. चहाडखोराचं ऐकायचं नसतं, त्याचं तोंड बंद करायचं असतं.

त्यासाठी अ‍ॅटचं चिन्ह (@) आहेच, जिथे लावाल तिथली तक्रार दाबून टाकणारं. एकदा हात बसला की दिसेल तिथे लावत सुटा. मग उद्या फाइल वाचताना ती जागेवर नसली तरी हूं नाही की चूं नाही. चिन्हं टाइप करायचा कंटाळा आला, तर एरर रिपोर्टिंग, म्हणजे कुठल्या चुका कळवायच्या ती सेटिंग, शून्यावर आणा.

समजा, घाईत 'टोटल'च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालं. बेरीज एका व्हेरिएबलात झाली आणि कर मोजला दुसऱ्याच, जन्मालाच न आलेल्या व्हेरिएबलावर. त्याची किंमत नल, म्हणजे काहीच नाही, आणि हिशेबात नल म्हणजे शून्य. सगळ्यांचा कर माफ! प्रोग्राम कुठे अडला का? नाही ना? मग झालं तर.

किंमत नसेल तर तिच्या जागी दुसरी देणारा दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर (??) पीएचपीच्या ७.० आवृत्तीपासून आहे. फॉर्ममधून एखादी किंमत येईल की नाही याची खात्री नसते, तिथे तो शोभतो. पण तुम्ही तो स्वतःच तीन ओळी वर लिहिलेल्या व्हेरिएबललाही लावा. आपल्याच कोडवर इतका अविश्वास दाखवायला नम्रता लागते.

(पूर्वी पीएचपीत रजिस्टर ग्लोबल्स नावाची सेटिंग होती. तुम्ही व्हेरिएबलला किंमत द्यायला विसरलात, तर येणारा-जाणारा कुणीही यूआरएलमधून ती देऊन जाई. इतकी परोपकारी सोय २०१२ साली ५.४ मध्ये काढून टाकली.)

२०२० साली पीएचपीची ८.० आवृत्ती आली आणि या नोटिशीला बढती मिळून तिची वॉर्निंग झाली. त्यामुळे फक्त नोटिसा वगळायची तुमची लाडकी सेटिंग इथे कुचकामी ठरली. ९.० मध्ये तर थेट एरर फेकायचं ठरलंय, म्हणजे प्रोग्राम तिथेच आडवा. तेव्हा अपग्रेडच्या फंदात पडू नका. ७.४ वरच सुखानं नांदा. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्यात, त्यामुळे तिकडूनही कुणी काही कळवायला येणार नाही.