चंद्रावरचं उडतं वाहन : इंधनाच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. चंद्रावर फिरायला उडतं वाहन हवं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली आणि रात्री वही घेऊन बसलो. तुमचे आक्षेप दोन. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पंख किंवा पाती चालणार नाहीत, सगळा भार रॉकेटवर. आणि त्या इंधनाचा हिशेब लेखात कुठेच नाही. दुसरा, १९६९ साली एकट्या माणसाच्या उडत्या वाहनाचे आराखडे हातात असताना नासाने चार चाकांची गाडी निवडली, मग तोच विषय पुन्हा कशाला?

हिशेब द्यायला हवा होता, तो आता देतो. पाच किलोमीटरची एक उडी धरा. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश. ४५ अंशांत झेप घेतली तर सेकंदाला ९० मीटर वेग पुरतो. उतरताना तेवढाच वेग मारावा लागतो, म्हणजे इंजिनाचं काम एकूण १८० मीटर वेगाचं. जाऊन-येऊन ३६०. जागा शोधताना होणारी इकडेतिकडे हालचाल धरून ५०० म्हणू. पोशाखासकट माणूस १७० किलो, रिकामं वाहन १०० किलो आणि इंजिनातून वायू सेकंदाला पावणेतीन किलोमीटर वेगाने बाहेर पडतोय असं मानलं, तर लागतं साधारण ५४ किलो इंधन. बेल या अमेरिकी कंपनीच्या तेव्हाच्या आराखड्यात तर हे इंधन अपोलो मोहिमेतल्या चांद्रयानाच्या उतरणाऱ्या भागात उरलेल्या साठ्यातूनच घ्यायचं होतं.

पण हा हिशेब करतानाच माझी चूक सापडली. 'जमिनीलगत सावकाश तरंगत पाहणी करता येईल,' असं मी लिहिलं होतं. एका जागी तरंगायचं तर दर सेकंदाला १.६२ मीटर वेगाइतकं इंधन जळतं. मिनिटाला ९७ मीटर! पाच किलोमीटर झेपावायला ९० आणि नुसतं अधांतरी उभं राहायला ९७. तुमचा आक्षेप इथे अगदी बरोबर बसतो. ते वाक्य मी लेखातून काढतोय. हे वाहन झेप घेऊन उतरण्याचं आहे, रेंगाळण्याचं नाही.

गाडीची निवड त्या वेळी योग्यच होती. दोन माणसं, हत्यारं, दगड, सगळं तिच्यात मावायचं आणि अपोलो १७ मध्ये ती ३५ किलोमीटरच्या वर चालली. बंद पडलीच तर पायी परतता येईल इतक्याच अंतरावर तिला न्यायचे.

तरीही मी उडत्या वाहनाचा हट्ट सोडत नाही, त्याचं कारण अपोलो १४. फेब्रुवारी १९७१ मध्ये अंतराळवीर शेपर्ड आणि मिचेल हातगाडी ओढत 'कोन' नावाच्या विवराच्या चढावर निघाले. चढ दमवणारा, शेपर्डची नाडी दीडशेवर गेलेली. हवा नसल्यामुळे लांबचंही जवळच्याइतकंच स्पष्ट दिसतं. ना झाड, ना घर, अंतराचा अंदाज कशावरून घ्यायचा? हीच विवराची कड म्हणून एक उंचवटा चढावा, तर पुढे आणखी एक. वेळ संपली आणि ते मागे फिरले. कड तेव्हा तीसेक मीटरवर होती, हे नंतर कळलं. शंभर मीटर उंचीवरून तेच विवर, तीनशे मीटरहून रुंद, एका नजरेत दिसलं असतं. हे वाचताना मला आजही चुटपुट लागते.

मला खरी धास्ती इंजिनाच्या झोताने उडणाऱ्या धुळीची वाटते आणि तुमच्या प्रतिक्रियेत ती नव्हती. अपोलो १२ हे आधीच उतरलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी त्या जुन्या यानाचे भाग काढून आणले, तेव्हा त्यांवर धुळीच्या माऱ्याच्या खुणा निघाल्या. अडवायला हवा नसल्याने कण सरळ सुटतात. आपलं वाहन लहान, झोतही लहान, पण तळाजवळ उतरायचं ते एखाद्या उंचवट्याच्या आडच.

एकदा टेकलेलं इंजिन पुन्हा पेटतं का, ही शंका मात्र नको. सर्व्हेयर ६ ने १९६७ मध्येच उडी मारली होती. आपल्या विक्रमनेही ३ सप्टेंबर २०२३ ला चाळीसेक सेंटिमीटर वर उठून शेजारी पुन्हा पाय टेकले.

राहिला बिघाडाचा प्रश्न. तीव्र उताराच्या विवरात वाहन बंद पडलं तर पायी वर येता येणार नाही. म्हणून दोघांनी दोन वाहनांतून जायचं आणि प्रत्येकात दोघांच्या परतीपुरतं इंधन ठेवायचं. तसं धरून मी पुन्हा आकडेमोड केली. एका वाहनाचे ५४ किलो ७२ वर जातात.