‘एका फोनने व्हिसा जातो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घटस्फोटानंतर परदेशातील कागदपत्रांचे काय होते, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात सांगते. आपला भाचा न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो, त्याच्या कंपनीने केलेला ग्रीन कार्डचा, म्हणजे तेथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज रांगेत आहे, आणि तिकडेच राहणारी त्याची घटस्फोटित पत्नी ‘इमिग्रेशनला कळवून तुला परत पाठवते’ असे त्याला वारंवार बजावत आहे. ‘तक्रार म्हणजे निकाल नव्हे’ हे माझे वाक्य आपल्याला सोलापुरात बसून दिलेला पोकळ दिलासा वाटले, धमकीला उत्तर देऊ नये हा सल्ला भित्रेपणाचा वाटला, आणि माझा कल बायकांकडे असल्याचेही आपण नोंदवले आहे. भाच्याने डिसेंबरात घरच्या लग्नाला यावे की नाही, असा प्रश्नही शेवटी विचारला आहे.

मी वकील नाही. विवाह नोंदणीचे दाखले, न्यायालयाचे आदेश आणि फिर्यादींच्या प्रती यांचे इंग्रजी अनुवाद करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे अशा भांडणांचे कागद माझ्यापर्यंत पोहोचतात आणि पुढे ते कोणत्या कार्यालयात कशासाठी मागितले जातात हेही मला पाहावे लागते. पुढचे त्या मर्यादेत वाचावे.

पहिला आक्षेप असा की एका फोनने व्हिसा जातो. अमेरिकेत अशा तक्रारींसाठी दूरध्वनी क्रमांक आहे, संकेतस्थळावर अर्ज आहे, आणि नाव न सांगताही कळवता येते, हे खरे आहे. मात्र कळवणाऱ्याच्या हाती दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि आपल्या प्रतिक्रियेत त्या एकत्र झाल्या आहेत. नवरा किंवा बायको अमेरिकेची नागरिक असेल आणि जोडीदाराचा अर्ज तिच्याच नावाने दाखल झालेला असेल, तर तो मागे घेण्याचा अधिकार खरोखरच तिच्याकडे असतो. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी मिळालेले ग्रीन कार्ड १९८६च्या कायद्याप्रमाणे सशर्त असते, आणि ती अट काढण्याचा अर्ज सामान्यतः दोघांनी मिळून करायचा असतो. तेथे रुसलेला जोडीदार अडवणूक करू शकतो. म्हणूनच घटस्फोट झालेल्यांना, तसेच छळ सोसलेल्यांना, लग्न खरे होते हे दाखवून एकट्याने अर्ज करण्याची सवलत त्या कायद्यात ठेवलेली आहे. आपल्या भाच्याचे प्रकरण या जातीचे नाही. त्याचा व्हिसा कंपनीच्या अर्जावर आहे आणि ग्रीन कार्डची मागणीही कंपनीचीच आहे. त्यातले काहीही मागे घेण्याचा अधिकार पूर्वीच्या पत्नीला नाही. तिच्याकडे असली तर फक्त माहिती आहे.

त्या माहितीचे पुढे काय होते? अर्जदाराला ठाऊक नसलेल्या प्रतिकूल माहितीवर अर्ज नाकारायचा असेल, तर ती त्याला कळवून उत्तराची संधी द्यावी, असा तिथल्या इमिग्रेशन सेवेचाच नियम आहे. देशाबाहेर काढण्याची वेळ आली तर प्रकरण साधारणपणे इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाते. संसार कोणामुळे मोडला, कोण कोणाशी कसे वागले, याचा निवाडा करणे हे त्या कार्यालयाचे काम नाही. अर्जात लिहिलेले खरे आहे की नाही, एवढे ते पाहते.

मात्र दूतावासाची बाब वेगळी आहे, हे मूळ लेखातही मी लिहिले होते. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला फार मोठी मोकळीक असते, त्याच्या नकाराविरुद्ध दाद मागायला जागा जवळजवळ नसते, आणि दिलेला व्हिसा रद्द करण्यापूर्वी सुनावणी घ्यावी लागतेच असे नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, दोष सिद्ध झाला नाही, तरी व्हिसा रद्द झाल्याची प्रकरणे आहेत. तेव्हा न्यू जर्सीत बसलेला माणूस आणि मुंबईच्या वकिलातीत शिक्का घेण्यासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस यांची सुरक्षितता सारखी नसते.

आता आपल्या प्रतिक्रियेतील त्या वाक्याकडे येते, जे आपण जाता जाता लिहिले आहे आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. ‘अनुभवाच्या दाखल्यात थोडेफार इकडेतिकडे सगळ्यांचेच असते,’ असे आपण म्हणता. सगळ्यांचे नसते. आणि ज्यांचे असते, त्यांच्यासाठी पूर्वीचा जोडीदार हा सर्वांत माहीतगार साक्षीदार असतो, कारण अर्ज त्याच घरातल्या टेबलावर भरलेला असतो, कोणत्या कंपनीने न केलेल्या कामाचा दाखला दिला हे त्याला ठाऊक असते, आणि काम नसतानाच्या महिन्यांत पगार आला की नाही हेही त्याने पाहिलेले असते. महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटे सांगून लाभ मिळवल्याचे ठरले, तर तेथील कायद्याप्रमाणे माणूस प्रवेशासाठी कायमचा अपात्र ठरू शकतो, आणि त्यातून सूट मिळण्याचे मार्ग फार अरुंद आहेत. अशा वेळी ‘तिने सूड उगवला’ हे वाक्य खरे असूनही उपयोगाचे नसते, कारण अधिकारी तिचा हेतू तपासत नाही, दाखला तपासतो. उलट, दाखले खरे असतील, पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत कळवलेला असेल, पगाराच्या पावत्या आणि कराची विवरणपत्रे एकमेकांशी जुळत असतील, तर तिने दहा पत्रे पाठवली तरी एकाही पत्रातून तपासणीला नवे काही मिळत नाही.

म्हणून भाच्याने आधी स्वतःची फाइल एखाद्या स्वतंत्र इमिग्रेशन वकिलापुढे ठेवावी आणि काहीही न लपवता सांगावे. कंपनीचा वकील यासाठी नको. तो कंपनीचेही काम पाहत असतो आणि दाखल्यांबद्दलची कबुली ऐकल्यावर त्याची अडचण होते. हा सल्ला आपल्याला कडू लागेल, पण मामांनी भाच्याला विचारायचा खरा प्रश्न ‘ती काय करणार?’ हा नसून ‘तिला माहीत असलेले असे काय आहे?’ हा आहे.

दुसरा आक्षेप धमकीला उत्तर न देण्याबद्दलचा. आपण लिहिता की मुलगी सोलापूरच्याच पूर्व भागातल्या ओळखीच्या घरातली आहे, तिचे वडील रोज भेटतात, आणि दोन माणसे घेऊन त्यांच्याकडे एकदा जाऊन आले की विषय मिटेल. कृपया हे करू नका. न्यू जर्सीत १९९१चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तो घटस्फोटित जोडीदारालाही लागू होतो. तात्पुरता मनाई हुकूम एका बाजूचे ऐकून मिळतो, दहा दिवसांच्या आत सुनावणी ठेवली जाते, आणि अंतिम हुकूम झाला तर तो न्यायालयाने उठवेपर्यंत कायम राहतो, त्याला मुदत नसते. असा हुकूम दिवाणी स्वरूपाचा असल्यामुळे केवळ तेवढ्याने कोणी देशाबाहेर जात नाही. परंतु त्यातील संरक्षण देणारी अट मोडल्याचे न्यायालयाने ठरवले, तर परकीय नागरिकाला देशाबाहेर काढण्याचे ते स्वतंत्र कारण १९९६पासून अमेरिकेच्या कायद्यात आहे, आणि ते ग्रीन कार्ड असलेल्यालाही लागू आहे. अशा हुकमात बहुधा दुसऱ्याकरवी संपर्क साधण्यासही मनाई असते. म्हणजे मामा अशोक चौकातून तिच्या वडिलांना ‘मुलीला समजावा’ म्हणून फोन करतील आणि त्याचा हिशेब भाच्याला तिकडच्या न्यायालयात द्यावा लागेल. तिच्या नुसत्या पत्राने जे होण्याची शक्यता कमी, ते आपल्या धावून जाण्याने शक्य होते.

उत्तर न देणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. आलेला प्रत्येक संदेश तारखेसह जपून ठेवावा, त्यातली वाक्ये कापून सोयीचे तेवढे ठेवू नये, आणि बोलणे वकिलांमार्फत व्हावे. तिने पैसे मागितल्याचे आपण लिहिले आहे. ‘पैसे दे, नाहीतर कळवते’ असे तिने लिहिले असेल, तर वकिलाला तो संदेश मूळ स्वरूपात दाखवावा. कॅलिफोर्नियाने तर इमिग्रेशनला कळवण्याची भीती घालून पैसे उकळणे हा २०१३च्या कायद्याने खंडणीचाच प्रकार ठरवला आहे. पण मागणी नेमकी कशाची आहे हे आपण लिहिलेले नाही. लग्नातले दागिने आणि घटस्फोटाच्या हुकमात ठरलेली रक्कम ती मागत असेल, तर त्या मागणीला खंडणी म्हणता येणार नाही. स्त्रीधन तिचेच आहे. ते परत करून लेखी पोच घेतली, तर भांडणाचे निम्मे इंधन संपते, असे मला या कागदांवरून नेहमी दिसते.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल फार लिहिणार नाही. इतकेच विचारते की आपल्या प्रतिक्रियेत त्या मुलीच्या व्हिसाबद्दल एक शब्दही का नाही? ती एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी कर्मचाऱ्याची पत्नी म्हणून, गेली असेल, तर तिचा तेथील दर्जा लग्नावर उभा होता आणि घटस्फोटाबरोबर तो संपला. नोकरी गेलेल्या एच-१बी कर्मचाऱ्याला साठ दिवसांपर्यंतची मुदत मिळते; घटस्फोट झालेल्या पत्नीला केवळ घटस्फोटामुळे अशी मुदत मिळत नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पीडित पत्नीला १९९४च्या कायद्याने स्वतःचा अर्ज करता येतो, पण एच-१बी वाल्याच्या पत्नीला तो मार्ग नाही. ‘तुझा व्हिसा माझ्या हातात आहे’ हे वाक्य आपल्या घरांत आधी कोण कोणाला म्हणते, याचा प्रामाणिक विचार केला तर माझा कल आपल्याला इतका खटकणार नाही. तिचे सूडाचे बोलणे मी योग्य ठरवत नाही. सूड घेण्याची साधने दोघांपैकी कोणाकडे अधिक होती, हे मात्र नोंदवते.

खरे सांगायचे तर, आपल्या कुटुंबाला धोका असलाच तर तो तिकडच्या फोनपेक्षा इकडच्या पोलीस ठाण्यातून अधिक आहे, आणि त्याचा आपल्या प्रतिक्रियेत उल्लेखच नाही. विवाहितेच्या छळाबद्दलचे पूर्वीचे ४९८अ हे कलम १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आले आहे. अशी फिर्याद विवाहितेच्या वतीने तिच्या वडिलांनाही देता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालानुसार ती जेथे आश्रयाला आली त्या गावीही खटला चालू शकतो. छळ परदेशात झाल्याचे म्हणणे असेल, तर खटला चालवण्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. गुन्हा नोंदला की लगेच अटक होते असे मात्र नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी नोटीस देऊन बोलवावे, हे २०१४पासून स्पष्ट आहे. पासपोर्ट जप्त करून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना नसून पासपोर्ट प्राधिकाऱ्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. विमानतळावर अडवण्यासाठी काढले जाणारे ‘लुकआउट सर्क्युलर’ पोलीस ठाण्याचा अधिकारी स्वतःच्या सहीने काढू शकत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली एका परदेशस्थ पतीच्याच प्रकरणात म्हटले की ते अटक मुद्दाम टाळणाऱ्या किंवा वॉरंट निघूनही हजर न होणाऱ्या आरोपीसाठी आहे. परदेशात बसून नोटिशीकडे दुर्लक्ष करणारा मुलगा स्वतःला नेमक्या त्याच वर्गात नेऊन बसवतो.

शिवाय येथे नोंदलेला गुन्हा येथेच राहत नाही. ग्रीन कार्डच्या अंतिम अर्जात जगात कोठेही अटक झाली किंवा आरोप ठेवला गेला का, असे विचारलेले असते, आणि तेव्हा येथील मराठी कागदांच्या प्रमाणित प्रती इंग्रजी अनुवादासह द्याव्या लागतात. प्रकरण सामंजस्याने मिटून गुन्हा रद्द झाला असेल, तर त्या आदेशाची प्रत पुढची अनेक वर्षे उपयोगी पडते. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५पासून आपला जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे.

आता लग्नाला यावे की नाही. येण्याआधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर भाच्याचे आणि आपल्या बहिणीचे, मेव्हण्यांचे नाव टाकून जिल्हा न्यायालयात काही दाखल आहे का ते पाहावे, आणि वकिलामार्फत शहर व ग्रामीण अशा दोन्ही पोलिसांकडे चौकशी करावी, कारण फिर्यादीची प्रत प्रत्येक वेळी संकेतस्थळावर ठेवली जातेच असे नाही. गुन्हा आढळला, तर त्याने विमानात बसण्यापूर्वीच येथील सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा. न्यू जर्सीत सुनावणीची तारीख लागलेली असेल, तर ती सोडून येऊ नये. दोन्हीकडे काही नसेल आणि पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू असेल, तर त्याने खुशाल यावे. व्हिसा संपलेला असून परतण्यासाठी मुंबईत नव्याने मुलाखत द्यावी लागणार असेल, आणि अनुभवाच्या दाखल्यांचा प्रश्न वकिलापुढे अजून गेलेला नसेल, तर मात्र या डिसेंबरात त्याने येऊ नये, असे माझे मत आहे.